पाच नद्यांच्या गावाला कराचा अधिकार हवा का?

राज्ये केंद्राकडे कराचे अधिकार मागतात. पण तेच अधिकार गावांना व शहरांना देताना त्यांचा हात आखडतो. कावेरीकाठच्या तिरुवैयारुच्या निमित्ताने या विसंगतीचा विचार.

तंजावरहून उत्तरेकडे निघाले की सुमारे १३ किलोमीटरच्या वाटेत एकामागून एक पूल लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. या पाच प्रवाहांवरूनच तिरुवैयारु हे नाव पडले. संत त्यागराजांची (१७६७–१८४७) समाधी इथे कावेरीच्या काठी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी देशभरातून, किंबहुना देशाबाहेरूनही, गायक-वादक आणि रसिक येतात. आडी महिन्यातील अमावास्येला पितरांसाठी आणि त्याच महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीच्या पूजनासाठी घाट भरून जातात.

उत्सव सरतो, पाहुणे परततात. मागे उरतात घाटावरची निर्माल्ये, तुंबलेली गटारे, वाहनांनी उखडलेले रस्ते आणि सफाई कामगारांची जादा पाळी. हा खर्च कोणी द्यायचा? गावाने घरपट्टी वाढवावी, येणाऱ्यांकडून काही आकारावे, की चेन्नईहून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहावी? प्रश्न वरवर नगरव्यवस्थेचा वाटतो. प्रत्यक्षात तो स्वराज्याचा आहे. सत्तेचे विकेंद्रीकरण झाले असे म्हणताना नवा कर बसवण्याचा अधिकारही खाली गेला पाहिजे की नाही, हा तो प्रश्न.

१७९९ चा धडा

हा धडा तंजावरच्या भूमीने एकदा फार महागात घेतलेला आहे, आणि मराठी वाचकाला तो परका नाही. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजी राजे दुसरे यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. राज्याचा मुलकी कारभार व महसुलाची वसुली कंपनीकडे गेली. राजांना मिळाले ते वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. किल्ला राहिला, राजवाडा राहिला, सरस्वती महाल ग्रंथालय राहिले, बिरुदे राहिली. विद्या, वैद्यक आणि अन्नछत्रे यांवर त्या हिश्श्यातून झालेला खर्च आजही आदराने आठवला जातो. तिरुवैयारुचे अरसर महाविद्यालय तंजावरच्या छत्रांच्या त्याच परंपरेतून उभे राहिले.

पण कर ठरवण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार गेला त्या दिवशी राज्य गेले होते. उरला होता तो एक सन्माननीय, सुसंस्कृत आणि परावलंबी संसार. १८५५ मध्ये शेवटच्या राजांच्या निधनानंतर वारस नसल्याचे कारण दाखवून कंपनीने तो संसारही गुंडाळला, तेव्हा विरोध करण्यासाठी कोणाच्या हाती काही साधन नव्हते. हिश्श्यावर जगणाऱ्याचा हिस्सा देणाऱ्याच्या मर्जीने थांबतो.

आज तामिळनाडूतील स्थानिक स्वराज्य संस्थांना राज्याच्या स्वतःच्या कर उत्पन्नाचा सुमारे दहा टक्के भाग वाटून दिला जातो. सरफोजी राजांना पाचवा हिस्सा होता, इथे दहावा आहे. ही तुलना अर्थात पूर्ण नाही. राजे कोणाला उत्तरदायी नव्हते. नगरसेवक दर पाच वर्षांनी मतदारासमोर जातो, निदान जायला हवा. म्हणूनच कराचा प्रश्न राजांपेक्षा नगरसेवकाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो.

घटनेने दिले, पण किती?

७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. पंचायतींसाठी अनुच्छेद २४३ एच आणि नगरपालिकांसाठी अनुच्छेद २४३ एक्स यांनी करांची तरतूद केली. मात्र त्यातील क्रियापद पाहण्याजोगे आहे. राज्य विधिमंडळ स्थानिक संस्थांना कर बसवण्याचा अधिकार कायद्याने देऊ ‘शकेल’, असे घटना म्हणते. ‘देईल’ असे म्हणत नाही. संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची आहे, पण स्थानिक संस्थांची सूची नाही. तिरुवैयारुला कोणते कर लावता येतील, कोणत्या दराने आणि कोणाला सूट देऊन, हे चेन्नई ठरवते.

हाती उरते ते मोजकेच. मालमत्ता कर, पाणीपट्टी, व्यवसाय कर, काही परवाना शुल्के आणि करमणूक कर. यांपैकी व्यवसाय कराची कथा बोलकी आहे. तामिळनाडूत तो स्थानिक संस्था वसूल करतात. महाराष्ट्रात तोच कर १९७५ च्या कायद्याने राज्य सरकारने घेतला आणि रोजगार हमी योजनेशी जोडला. दुष्काळाने होरपळलेल्या ग्रामीण मजुराला काम मिळावे म्हणून शहरातील पगारदाराने काही रुपये द्यावेत, हे तत्त्व लोकांना पटले. म्हणून तो कर रुजला. पण या कराची कमाल मर्यादा घटनेच्या अनुच्छेद २७६ मध्येच लिहिलेली आहे. वर्षाला २,५०० रुपये. ही मर्यादा १९८८ मध्ये ठरली. तेव्हापासून पगार, किमती आणि नगरपालिकांचे खर्च कुठल्या कुठे गेले. मर्यादा जागच्या जागी आहे.

वस्तू व सेवा कराने उरलेले अवकाशही आकुंचित केले. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक क्षेत्रातील प्रवेशकराची नोंद राज्यसूचीतून वगळली. करमणूक कर तेवढा पंचायती व नगरपालिका लावतील त्या मर्यादेत शिल्लक ठेवला. तामिळनाडूने २०१७ मध्ये त्यासाठी कायदा केला. वस्तू व सेवा करावर हा दुसरा भार पडताच जुलै २०१७ च्या पहिल्या आठवड्यात राज्यभरातील चित्रपटगृहे बंद राहिली आणि सरकारला माघार घेऊन पुढे कमी दर ठरवावे लागले. घटनेने खास स्थानिक संस्थांसाठी राखून ठेवलेल्या या एकमेव कराची वाटाघाटदेखील चित्रपटगृहांचे मालक आणि राज्य सरकार यांच्यात झाली. ज्या नगरपालिकांच्या नावाने तो कर होता, त्या त्या बैठकीत कुठेच नव्हत्या.

घरपट्टी वाढली, पण कोणी वाढवली?

जुलै २०१८ मध्ये तामिळनाडू सरकारने मालमत्ता करात मोठी वाढ केली. लोकांची नाराजी वाढली. स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या तेव्हा, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ती वाढ स्थगित झाली. पुढे सरकार बदलले. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी नागरी संस्थांच्या निवडणुका झाल्या आणि १ एप्रिल २०२२ रोजी नवी वाढ जाहीर झाली. घराच्या व इमारतीच्या आकारानुसार आणि शहरानुसार ती २५ ते १५० टक्क्यांपर्यंत होती. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची आणि राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात ते वाढवण्याची अट घातली होती. त्या अटीकडे बोट दाखवून वाढीचे समर्थन करण्यात आले.

दोन वेगवेगळ्या पक्षांची सरकारे, पण घड्याळ एकच. निवडणुकीपूर्वी स्थगिती, निवडणुकीनंतर वाढ. यात अधिक गंभीर बाब अशी की, नुकत्याच निवडून आलेल्या सभागृहांना या निर्णयावर खरी चर्चा करण्यास जागाच नव्हती. अट दिल्लीची, आदेश चेन्नईचा आणि ठराव गावाचा. घरपट्टीची पावती हातात पडल्यावर तिरुवैयारुतील घरमालक जाब विचारतो तो आपल्या प्रभागातील नगरसेवकाला. त्याने उत्तर काय द्यावे? ‘वरून आले आहे’, एवढेच. कराची नामुष्की खाली आणि कराचा निर्णय वर, अशी ही विभागणी आहे. यातून उत्तरदायित्व वाढण्याऐवजी विरघळते.

विरोधाचा युक्तिवाद हलका नाही

नव्या करांना विरोध करणारे केवळ कर चुकवू पाहणारे असतात, असे मानणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडता येते.

पहिला मुद्दा करपात्र संपत्तीचा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिरुवैयारुच्या भोवती भातशेती आहे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश २०२० च्या कायद्याने संरक्षित कृषी क्षेत्र ठरला. तेल व वायू उत्खननासारख्या उद्योगांना तिथे मज्जाव आहे. शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर झालेला हा निर्णय स्वागतार्हच होता. पण त्याची वित्तीय बाजू क्वचित बोलली जाते. सगळ्या राज्याच्या अन्नसुरक्षेसाठी या प्रदेशाने आपल्या करपात्र संपत्तीची वाढ मर्यादित करून घेतली आहे. होसूर किंवा श्रीपेरुम्बुदूरला कारखान्यांवर मालमत्ता कर मिळतो. तंजावरच्या गावांना भाताच्या लोंब्या मिळतात. अशा स्थितीत ‘तुमचा पैसा तुम्हीच उभारा’ असे सर्वांना सारखेच सांगणे म्हणजे विषमतेला स्वायत्ततेचे नाव देणे होय.

दुसरा मुद्दा ओझ्याच्या बेरजेचा. नागरिक एकच आहे. दिल्लीचा उपकर, चेन्नईचा कर आणि गावाची पट्टी तो एकाच खिशातून देतो. तिसरा मुद्दा स्थानिक बलदंडांचा. मालमत्तेचे मूल्यांकन गावातच झाले तर मोठा वाडा स्वस्तात सुटतो आणि छोट्या घरावर पूर्ण आकारणी होते, हा अनुभव देशभर आहे. चौथा मुद्दा विश्वासाचा. आधीच्या कराचे काय झाले हे न सांगता नवा कर मागू नये, ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

हे चारही मुद्दे खरे आहेत. परंतु नीट पाहिले तर ते कराच्या अधिकाराविरुद्ध नाहीत. अधिकार कोणत्या अटींवर द्यावा, याविषयी आहेत.

रुपयामागे तीन पै

याच जिल्ह्यात या अटींची परीक्षा एकदा झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या स्थानिक मंडळाने जमिनीवर रुपयामागे तीन पै, म्हणजे पाव आणा, असा खास रेल्वे उपकर बसवला. त्या पैशातून मायावरम ते मुत्तुपेट्टै हा लोहमार्ग उभा राहिला आणि १८९४ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. पुढे तो अरंतांगीपर्यंत नेण्यात आला. मालकी जिल्हा मंडळाची, गाड्या चालवण्याचे काम साउथ इंडियन रेल्वेकडे. एखाद्या जिल्ह्याने स्वतःच्या करातून स्वतःची रेल्वे उभारावी, ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती.

तो काळ आदर्श मुळीच नव्हता. मंडळावर जमीनदारांचे आणि कलेक्टरचे वजन होते. राबणाऱ्या कुळाला व शेतमजुराला तिथे आवाज नव्हता, आणि कराचा भार त्याच्याकडे सरकण्याची वाट मोकळी होती. तरीही त्या उपकरात एक गोष्ट स्वच्छ होती. कर कशासाठी, हे सर्वांना ठाऊक होते, आणि तो कुठे गेला हे डोळ्यांनी दिसत होते.

शंभर वर्षांनी दुसऱ्या टोकाच्या एका देशात याच्या उलट घडले. स्कॉटलंडमध्ये ११ सप्टेंबर १९९७ रोजी सार्वमत झाले. स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने ७४.३ टक्के मते पडली आणि त्याला कर कमी-अधिक करण्याचा अधिकार देण्याच्या बाजूने ६३.५ टक्के. पौंडामागे तीन पेन्स इतका प्राप्तिकर वाढवण्याची वा घटवण्याची ती मुभा होती. ती एकदाही वापरली गेली नाही. २०१० मध्ये उघड झाले की, वसुलीची यंत्रणा सज्ज ठेवण्यावर खर्च न केल्यामुळे ती वापरता येण्याजोगी उरलीच नव्हती. पुढे नव्या कायद्यांनी अधिक व्यापक अधिकार दिल्यावर २०१८ पासून तिथे प्राप्तिकराचे स्वतःचे पाच टप्पे आले, आणि तेव्हा कुठे तिथल्या निवडणुकांत ‘किती खर्च’ याबरोबर ‘कोणाकडून घेऊन’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. तंजावरचे तीन पै आणि स्कॉटलंडचे तीन पेन्स यांतून निघणारा निष्कर्ष एकच. कागदावरचा अधिकार यंत्रणेविना आणि हेतूविना वाळून जातो.

वरून खाली येताना वाटेतच थांबलेला अधिकार

खनिजांवरील उपकराची कथा या संदर्भात मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती तामिळनाडूच्या पंचायतींपासूनच सुरू होते. १९५८ च्या मद्रास पंचायत कायद्यात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे ४५ पैसे स्थानिक उपकर होता. १९६४ मध्ये ‘जमीन महसूल’ या शब्दात खनिजांवरील स्वामित्वधनही धरले गेले. सिमेंट उद्योगाने त्याला आव्हान दिले आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, इंडिया सिमेंट प्रकरणात, राज्याला असा उपकर लावता येत नाही असा निर्णय दिला. पस्तीस वर्षांनी, २५ जुलै २०२४ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने तो निर्णय फिरवला. स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे न्यायालयाने सांगितले. ऑगस्टमधील आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी हप्त्यांनी मागण्याची मुभाही मिळाली.

तामिळनाडूने तत्परतेने स्वतंत्र कायदा केला आणि ४ एप्रिल २०२५ पासून तो अमलात आणला. त्याच महिन्यात दगडखाणी व क्रशर चालकांनी संप केला आणि वाटाघाटी झाल्या. करमणूक कराप्रमाणेच याही वेळी टेबलाच्या एका बाजूला उद्योग होता आणि दुसऱ्या बाजूला राज्य. १९८९ मध्ये जो उपकर हिरावला गेला तो पंचायत कायद्यातील होता. २०२४ मध्ये अधिकार परत आला, तो मात्र राज्याच्या दारात येऊन थांबला.

तामिळनाडूचे केंद्राबद्दलचे गाऱ्हाणे खोटे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटपात राज्याच्या वाट्याला विभाज्य करांपैकी ४.०७९ टक्के आले. उपकर व अधिभार तर वाटपात धरलेच जात नाहीत. राज्यांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये राजमन्नार समिती नेमणारे आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती नेमणारे हे राज्य आहे. पण जो युक्तिवाद चेन्नई दिल्लीसमोर करते, तोच तिरुवैयारु चेन्नईसमोर करू शकते. शब्दही बदलावे लागणार नाहीत.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राने तामिळनाडूकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत २०१० पासून आणलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी संपली. जकात नाक्यांवरील भ्रष्टाचार आणि खोळंबा यांसाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. पण तिच्या जागी आली ती दरवर्षी आठ टक्के वाढीची नुकसानभरपाई. ती वेळेवर येते तोवर ठीक. परंतु स्वतःच्या पायावर उभी असलेली महापालिका त्या दिवसापासून मंत्रालयाच्या धनादेशाकडे डोळे लावून बसू लागली.

आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये यात्राकराची तरतूद आहे. पंढरपूर, आळंदी, जेजुरीच्या भूमीला तो शब्द नवा नाही. वारकऱ्याच्या माथी कर मारणे कोणालाही रुचणार नाही, आणि मारूही नये. मात्र यात्रेचा खर्च गावाने सोसायचा आणि तिचा व्यापारी लाभ लॉज, वाहनतळ व बाहेरच्या ठेकेदारांनी घ्यायचा, हाही न्याय नव्हे.

अधिकार द्यावा, पण या अटींवर

तेव्हा स्थानिक सरकारला नव्या करांचा अधिकार असावा का? असावा. पण त्याला चार अटी हव्यात.

एक, निवडून आलेल्या सभागृहाशिवाय कर नको. तंजावरसह तामिळनाडूच्या बहुतांश जिल्ह्यांतील ग्रामीण संस्थांची मुदत ५ जानेवारी २०२५ रोजी संपली आणि कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे गेला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तिचे अर्थसंकल्प वर्षानुवर्षे प्रशासकाच्या सहीने मंजूर झाले. ज्यांना मते मागायची नाहीत, त्यांनी कर मागू नये.

दोन, नव्या कराला नाव, हेतू आणि मुदत असावी. तिरुवैयारुने उत्सवकाळात वाहनतळावर आणि निवासव्यवस्थेवर आकार घ्यावा; घाट, शौचालये आणि सफाई कामगारांचे जादा वेतन यांसाठीच तो वापरावा; त्याचा हिशेब घाटावरच्या फलकावर लावावा; आणि पाच वर्षांनी सभागृहाने पुन्हा मत घेतल्याशिवाय तो चालू ठेवू नये. पायी येणाऱ्या भाविकाला आणि नदीवर तर्पण करणाऱ्याला त्याची झळ लागता कामा नये.

तीन, मूल्यांकन गावाबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेने करावे आणि दर गावाने ठरवावा. वाड्याचे क्षेत्रफळ मोजणारा वाड्याच्या मालकाचा मिंधा नसावा. दराची जबाबदारी मात्र नगरसेवकाने स्वतःच्या तोंडाने घ्यावी.

चार, अधिकाराबरोबर समानीकरण हवे. राज्याच्या भल्यासाठी ज्या प्रदेशाने उद्योगांवर पाणी सोडले, त्याला राज्य वित्त आयोगाने त्याची भरपाई सूत्रात धरून द्यावी. ती मेहेरबानी म्हणून देऊ नये. राज्य ते ऋण फेडत आहे. व्यवसाय कराची १९८८ मधील मर्यादा बदलण्यासाठी संसदेनेही हालचाल केली पाहिजे.

यावर एक शंका उरते. अधिकार दिला तरी नगरसेवक तो वापरतील का? शेजाऱ्याकडून कर मागण्यापेक्षा मंत्र्याकडे अनुदान मागणे सोपे असते. शंका खरी आहे. स्कॉटलंडला वीस वर्षे लागली. पण हा अवघडपणाच विकेंद्रीकरणाचे मर्म आहे. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून ‘इतके द्या, त्याचे हे करू’ असे सांगण्याची लाज आणि जबाबदारी ज्याला वाटते, तोच पुढच्या वर्षी हिशेब घेऊन त्याच दारात जातो. अनुदानाचा हिशेब वर जातो. कराचा हिशेब खाली यावा लागतो.

चोळ सम्राट पहिल्या कुलोत्तुंगाला तामिळ परंपरेने ‘सुंगम तविर्त’, म्हणजे जकात माफ करणारा, हे बिरुद दिले. कर माफ करणाऱ्याची कीर्ती नऊ शतके टिकते. कर लावून चांगला घाट बांधणाऱ्याचे नाव सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. लोकशाहीत हे उलटायला हवे. १७९९ मध्ये सरफोजी राजांना पर्याय फारसा नव्हता. तिरुवैयारुच्या आणि आपल्याही गावांच्या सभागृहांपुढे तो आहे. दहाव्या हिश्श्याची वाट पाहत राहायचे की आपल्या घाटाचा खर्च आपण ठरवायचा, हा निर्णय निदान त्यांना घेऊ द्यावा.